खंड्याचे कान

रतनवैनीचं आणि माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागून कुणी म्हणायला नको की बंकटनं मनात अढी धरून लिहिलं. अढी आहेच. दोन्हीकडून आहे, आणि तिची माझ्यापेक्षा घट्ट आहे.

रतनवैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, धुळाजीदादाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आई सतत आजारी, त्यामुळं माझी आंघोळ, माझं नाक आणि माझ्या डोक्यातल्या उवा हे सगळं वैनीच्या वाट्याला आलं. ते तिनं मला कधी विसरू दिलं नाही. आज मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, केज-धारूर रस्त्यावर माझी स्वतःची जीप चालते, चार माणसं मला बंकटशेठ म्हणतात. आणि केजच्या स्टँडवर भर गर्दीत ही बाई म्हणते, "मला शानपना शिकिवतो का? ह्याचा शेंबूड म्या पुसलाय." जीपमधली माणसं हसतात. मी गाडी चालू करतो.

दिसायला ती उंच, काळी, हाडकुळी. अंगावर लुगडं, लुगड्यावर दादाचा जुना शर्ट, पायात प्लास्टिकचे बूट, हातात काठी. शंभरावर मेंढरं आहेत आणि प्रत्येकीचं तोंड ती वेगळं ओळखते. कोणती कुणाची लेक, कोणती कुणाची नात, सगळं तोंडपाठ. पण माझ्या बायकोचं नाव पंचवीस वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं नाही. "बंकटची कुठं हाय?" असं विचारते. तिच्या तळावर गेलं तर चहा मिळतो, नाही असं नाही, पण त्याआधी दोन टोमणे गिळावे लागतात. गावात मोहनरावांना सगळे वचकून असतात, कारण अर्धं शिवार त्यांचं आणि वर पुढारपण. ते मोहनरावसुद्धा वैनीशी बोलताना आधी घसा खाकरतात.

दादा गेल्यापासून आमचं सरळ बोलणंच बंद झालं. मला काही सुनवायचं असलं की ती मेंढीला सांगायची. "बघ गं काळे, काई लोकांला भाऊ मेला तरी सुतक न्हाई." लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार. मग मीही तेच करायला लागलो. दोघं एकाच लिंबाखाली उभे असायचो, आणि मध्ये तिचं सामान वाहणारं घोडं कान हलवत दोघांचंही ऐकून घ्यायचं.

दादा काविळीनं गेला. ह्या गावचं औषध, त्या गावची मुळी करता करता दवाखान्यात न्यायला उशीर झाला. दहावं झालं आणि मी म्हणालो, आता मेंढरं विकून टाकू. एकुलती एक लेक, योगिता, शेजारच्या गावात चांगल्या घरी पडली आहे. जावई अंगद भला माणूस आहे. बाईमाणसानं एकटं डोंगरात कशाला फिरायचं? असं मी भावकीसमोर म्हणालो. खरं सांगायचं तर मेंढरं वडिलांपासूनची, त्यात निम्मा हक्क माझा, आणि मला जीप काढून नवा पिकअप घ्यायचा होता. वैनीनं ते बरोबर ओळखलं. ती भावकीकडं बघून म्हणाली, "मेंढरं इकायची आसतील तर आदी मला बाजारात उभी करा."

भावकीनं ठरवलं की तिला राखू द्या, पण एकटी राहणार तर जवळ दांडगं कुत्रं पाहिजे. आमचं जुनं कुत्रं दादाच्या मागोमाग आठवड्याभरात म्हातारपणानं गेलं होतं. नवं आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

धर्मापुरीच्या सिदूकडची कुत्री आमच्या भागात नावाजलेली. सिदू आमच्यातलाच, मेंढरंवाला. त्याच्या कुत्रीनं एकदा लांडग्याला मेंढरांभोवती लावलेल्या जाळ्यातून बाहेर ओढलं होतं. तिचं सगळ्यात दांडगं पिलू मी निवडलं. तीन महिन्यांचं, पांढरं, पाठीवर तांबूस डाग. सिदू म्हणाला, "ह्याचे कान कापायचे ऱ्हाऊन गेलेत. आता ऱ्हाऊ दे." मी नुसती मान हलवली आणि पिलू मांडीवर घेऊन जीप चालवत घरी आणलं. सगळा रस्ता ते माझं मनगट चाटत होतं.

आमच्याकडं मेंढरांच्या कुत्र्याचे कान कापतात. लांडगा आधी कान धरतो. कानच नसला तर त्याच्या दातात यायला काही राहत नाही. आणि कापलेले तुकडे भाकरीत घालून त्यालाच चारले की कुत्रं रागीट निघतं, असं जुनी माणसं सांगत आली. वैनी तेव्हा योगिताच्या बाळंतपणाला गेली होती. म्हटलं, ती यायच्या आत काम उरकून टाकू, नाहीतर त्यातही तिचं शहाणपण ऐकावं लागेल. पिलू दोन्ही गुडघ्यांत दाबलं आणि मेंढरं कातरायची कातर घेतली. पिलू ओरडलं. ओरडणारच. तुकडे काही त्यानं खाल्ले नाहीत, ते मांजरानं नेले.

वैनी आली, पिलाकडं बराच वेळ बघत राहिली. मग घोड्याला विचारावं तसं विचारलं, "कशानं कापले म्हनं?"

"कातरीनं," मी घोड्यालाच सांगितलं.

"कातर कावून? वस्तरा न्हवता का घरात?"

तिनं पिलाला उचललं, त्याच्या कानांना हळद-तेल लावलं आणि त्याचं नाव खंड्या ठेवलं.

खंड्या वाढला, अंगानं चांगला वासराएवढा झाला, आणि निघाला असा भित्रा की सांगायची सोय नाही. ट्रॅक्टर आला की घोड्याच्या पोटाखाली. लग्नाचा बँड वाजला की वैनीच्या घोंगडीत. वाऱ्यानं प्लास्टिकची पिशवी उडाली तरी हे धूड जमिनीला पोट टेकवून थरथरायचं. केजच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रोग काही नाही, स्वभाव आहे. वैनीनं गळ्यात काळा दोरा बांधला, खंडोबाला नारळ फोडला. नारळ फुटल्याच्या आवाजानं खंड्या देवळाच्या पायरीवरून जो पळाला तो थेट तळावर सापडला. मी त्याला 'सशा' म्हणायला लागलो. आठ दिवसांत सगळं गाव त्याला सशा म्हणू लागलं. वैनी तेवढी खंड्याच म्हणायची, आणि दुसरं कुणी सशा म्हटलं की काठी आपटायची.

मग माघ महिन्यात कातरणी निघाली. वर्षातून दोनदा मेंढरांची लोकर कातरतात. आज ह्याच्याकडं, उद्या त्याच्याकडं, असे एकमेकांच्या तळावर जाऊन सात-आठ जण मिळून हे काम करतो. लोकर आता कुणी घेत नाही, निम्मी बांधावर टाकून द्यावी लागते, पण कातरल्याशिवाय जनावराला सुख नाही. त्या दिवशी आम्ही सगळे खाली मान घालून कातरत होतो. कोकरं पलीकडं पडीक रानात होती आणि त्यांच्यावर खंड्या ठेवला होता. भर दुपारी लांडगा आला आणि दोन कोकरं घेऊन गेला. खंड्या? खंड्याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो ओढ्यातल्या नळीत सापडला, चिखलानं भरलेला.

मला तर निमित्तच पाहिजे होतं. सगळी भावकी जमलेलीच होती. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "दसऱ्याच्या आदी पुन्ना कातरनी हाय. तवा समदी जमतेल. तवर ह्या कुत्र्यानं कुनावर तरी एकदा गुरगुरून दाखवावं. दाखिवलं तर मी जन्मात मेंढरांचं नाव काढनार न्हाई. न्हाई दाखिवलं, तर दसऱ्याला मेंढरं बाजारात."

सगळ्यांनी वैनीकडं पाहिलं. तिनं खंड्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ऐकलं का रं खंड्या? मंजूर म्हनून सांग त्यान्ला."

पुढचं मला मोहनरावांकडून कळलं, आणि त्यांनी ते रागारागानं सांगितलं. आषाढात ते वैनीच्या तळावर गेले होते. त्यांच्या शेतात मेंढरं बसवायची होती, म्हणजे रानाला खत होतं. लिंबाखाली बसून त्यांनी पानाची चंची काढली आणि अडकित्त्यानं सुपारी फोडली. कट् असा आवाज झाला आणि खंड्या जागच्या जागी मुतला.

"आमाला बगून भल्याभल्यांची जिरती, हे तर कुत्रं," मोहनराव खूश होऊन म्हणाले.

वैनी म्हणाली, "मोहनराव, अजून एक सुपारी फोडा."

"खायची का?"

"न्हाई. फोडा नुसती."

फोडली. खंड्यानं डोकं पोटात घातलं. तिनं त्यांना पाच सुपाऱ्या फोडायला लावल्या. मग म्हणाली, आता अडकित्ता खिशात ठेवा आणि त्याच्याजवळ जा. मोहनराव गेले. खंड्यानं त्यांचा जोडा हुंगला आणि शेपटी हलवली. "म्हंजी त्यो तुमाला भीत न्हाई," वैनी म्हणाली, "अडकित्त्याला भीतोय." मोहनरावांना हा अपमान वाटला, तो त्यांनी माझ्यापाशी ओकला.

त्याच दिवशी संध्याकाळी वैनी माझ्या दारात आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून माझ्या बायकोला म्हणाली, "इच्यार त्याला. कान किती घावांत कापले?"

मी आतून म्हणालो, "एका घावात. एक उजवा, एक डावा."

"खोटं बोलतोय म्हनावं. कानाची कड उंदरानं कुरतडल्यावानी हाय." आणि ती निघून गेली.

मी भाकरी खात होतो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी ताटाकडं पाहिलं. ती भाकरी मला गोड लागली नाही.

नवी व्यालेली मेंढी कधी कधी आपल्या कोकराला जवळ घेत नाही. लाथा मारते, दूध चोरते. तिला मारून काही होत नाही. वैनीची पद्धत अशी की मेंढीला बांधायचं, आपण तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचं, आणि कोकरू पहिल्या दिवशी नुसतं दिसेल इतकं लांब धरायचं. दुसऱ्या दिवशी थोडं जवळ. मेंढीनं डोळे वटारले की पुन्हा मागं. "घाई केली की जन्माची बिगडती," असं ती म्हणायची. आमच्या सगळ्या भावकीत नाठाळ मेंढी असली की वैनीकडं आणतात, हे मला कबूल करावंच लागेल.

तेच तिनं खंड्यासाठी मांडलं, फक्त कोकराच्या जागी कातर. श्रावणात तिचा तळ रस्त्याच्या कडेच्या माळावर होता, त्यामुळं जाता-येता जीपमधून मला सगळं दिसायचं. पहिले आठ दिवस कातर फडक्यात गुंडाळून खंड्याच्या ताटलीपासून दहा पावलांवर ठेवली. तो दोन दिवस जेवला नाही. तीही जेवली नाही म्हणे, योगितानं सांगितलं. मग रोज एकेक पाऊल जवळ. मग फडकं काढलं. मग ती घोंगडीच्या चार घड्यांखाली हात घालून कातर एकदाच चालवायची, मेंढीच्या दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा लगेच त्याच्यापुढं टाकायची आणि कातर ठेवून द्यायची. एका कटाला एक तुकडा. तो उठून गेला तर ती हाक मारायची नाही, बसून राहायची. चार घड्यांच्या तीन झाल्या, तीनाच्या दोन.

जीपमधली माणसं विचारायची, "त्या बाई हातात कातर घिऊन काय करत्यात वो?"

"वारं कातरतीया," मी म्हणायचो.

गाडीत हशा पिकायचा. पंधरा दिवसांत ते केजपर्यंत गेलं. रतनबाई वारं कातरती. कुणी तिला बाजारात तोंडावर म्हटलं, तिनं त्याला विचारलं, "तुजी जीभ बी कातरू का?" पण काम सोडलं नाही.

भाद्रपद निम्मा झाला होता. एका दुपारी मी रिकामी जीप घेऊन येत होतो आणि पाहिलं, खंड्या तिच्या पायावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडला होता. तिच्या हातात उघडी कातर होती, घोंगडी नाही, फडकं नाही, आणि ती सावकाश चालवत होती. कट्. कट्. आणि ती त्याच्याशी बोलत होती. टोमणा नव्हता त्यात. लहानपणी माझ्या डोक्यातल्या उवा काढताना ती ज्या आवाजात बोलायची, तो आवाज होता. माझ्या अंगाची आग झाली. पिकअपसाठी झाली म्हणालो तर अर्धंच खरं होईल. कुत्र्याचा हेवा वाटला मला, सत्तेचाळीस वर्षांच्या बाप्याला.

जीप थांबवली, मागून गेलो, तिच्या हातातून कातर ओढून घेतली. "बगू तरी किती शाना झालाय," असं म्हणून मी खाली वाकलो आणि खंड्याच्या कानाशी कातर दोनदा जोरात चालवली.

त्यानं डोळे उघडले. आधी कातर पाहिली, मग मला पाहिलं. आणि माणसानं किंचाळावं तसा तो किंचाळला आणि डोंगराच्या दिशेनं सुटला.

वैनी शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं शिवी दिली नाही. काठी उचलली आणि माझ्या नडगीवर सगळ्या ताकदीनं हाणली. मी खाली बसलो. ती मला ओलांडून खंड्यामागं गेली.

तीन दिवस ती डोंगर धुंडाळत होती. मेंढरं अंगदनं येऊन सांभाळली. तिसऱ्या दिवशी घाटातल्या रस्त्याखालच्या एका मोरीत खंड्या सापडला. एवढं मोठं धूड, पण तिनं कोकरासारखं खांद्यावर टाकून आणलं. मला वाटलं, चला, पिकअप आला. असं वाटल्याची लाजही वाटली, पण ती लाज पिकअपएवढी मोठी नव्हती. मी पाय ओढत जीप चालवत राहिलो. माळावर पुन्हा कातर फडक्यात गुंडाळलेली दिसू लागली, ताटलीपासून दहा पावलांवर. कातरणीला वीस दिवस उरले होते.

कातरणीचा दिवस उजाडला. आठ कातरणारे जमले. धर्मापुरीहून सिदू आला होता, अंगद होता, मी होतो. मोहनराव मुद्दाम तमाशा बघायला आले आणि बाजेवर अडकित्ता काढून बसले. भावकीतले म्हातारेही होते. वैनी मध्ये बसली, तिच्या शेजारी खंड्या. त्याला बांधलेलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आगं रतनबाई, बांध त्याला. ती म्हणाली, "बांधून ऱ्हायलेलं काय कामाचं?"

आठ कातरी चालू झाल्या. खंड्या थरथरत उभा राहिला. अंगावरचा केस न् केस उभा. पाय मागं सरकायचे, पुन्हा पुढं यायचे. वैनी मेंढ्यांचे पाय बांधून देत होती, त्याच्याकडं बघतही नव्हती, नुसती अधूनमधून जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायची. दुपार झाली. अर्धा कळप उघडा झाला. खंड्या तिथंच होता. म्हातारे आपसांत बोलू लागले. मी म्हणालो, "उबं ऱ्हायलं म्हंजी झालं का? गुरगुरायचं ठरलं हुतं."

सिदू मेंढी सोडून माझ्याकडं वळला. "बंकट, ह्याचे कान कुनी कापले बे?"

"मीच."

"म्या सांगितलं हुतं ना, ऱ्हाऊ दे म्हनून? आमी धा दिवसांच्या आत कापतो, वस्तऱ्यानं, आईच्या थानाला लागलेलं आसतंय तवा. तीन महिन्याच्या पिलाला समदं कळतंय. त्याला तुजं तोंड बी ध्यानात ऱ्हायलं आसंल."

मोहनरावांनी सुपारी फोडायची थांबवली. मला वाटलं आता सगळे माझ्याकडं बघतायत, आणि ते बघतच होते. मी म्हणालो, "चला, कोकरांच्या खाचा उरकू."

कातरणी संपली की नव्या कोकरांच्या डाव्या कानाला दोन खाचा मारायच्या, ही आमच्या घराण्याची खूण. ती घरच्या पुरुषानं मारायची. दादा मारायचा, आता मी. मी एक कोकरू ओढलं, दोन्ही गुडघ्यांत दाबलं, डावा कान चिमटीत धरला आणि कातर उघडली.

खंड्या वैनीजवळून उठला. मला वाटलं, पळतोय. तो पळाला नाही. तो माझ्याकडं आला. कातरीपासून हातभर अंतरावर थांबला, पोट जमिनीला लागत होतं इतका वाकलेला, मागचे पाय लटपटत होते. आणि त्याच्या घशातून आवाज निघाला. आधी इतका बारीक की मला कोकराचाच वाटला. मग दात दिसले. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. कातरीकडं नाही, माझ्या तोंडाकडं. भीतीनं अर्धा मेलेला होता तो, आणि तरी गुरगुरत होता.

मी हललो नाही. घाबरलो होतो, हे एक. दुसरं म्हणजे मला ते पिलू आठवलं, जे सगळा रस्ता माझं मनगट चाटत आलं होतं.

"बंकट," वैनी म्हणाली. घोड्याला नाही, कुत्र्याला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मला. "कातर खाली ठिव."

मी ठेवली. गुडघे सैल केले. कोकरू उड्या मारत आईकडं गेलं. खंड्या त्याच्यामागं गेला आणि त्याच्याशेजारी आडवा पडला.

भावकीतला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणाला, "गुरगुरलं का न्हाई, बंकट?"

"गुरगुरलं," मी म्हणालो.

त्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वैनीनं आम्हाला जेवायला वाढलं, सगळ्यांना सारखं, मला शेवटी. बाकीच्या कोकरांच्या खाचा दुसऱ्या दिवशी अंगदनं मारल्या, खंड्याला दूर नेऊन. ते एक कोकरू मात्र तसंच सोडलं.

दसरा झाला आणि वैनीची मेंढरं गंगथडीला निघाली. गोदावरीकडच्या रानात उन्हाळ्यापर्यंत चारा मिळतो. मी धारूरकडून गाडी भरून येत होतो, आणि घाटाच्या अलीकडं सगळा रस्ता मेंढरांनी भरला होता. मागून एसटी, पुढून ऊसतोडीला निघालेल्यांचा ट्रॅक्टर. सगळे हॉर्न वाजवत होते. मी गाडी बंद केली. मेंढरं दोन्ही बाजूंनी वाहत होती. त्यांत ते कोकरू होतं, दोन्ही कान सबंध.

खंड्या शेवटी होता, वैनीच्या पुढं. ट्रॅक्टरच्या आवाजानं दचकत होता, पण कळपाची कड सोडत नव्हता. माझ्या जीपपाशी आला तसा थांबला. त्याला माझा वास आला असावा. तो गुरगुरला.

"चल रं," वैनी म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

गाडीत नऊ माणसं होती, सगळी ओळखीची. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वैनीशी बोलायची हिंमत झाली नाही. मी कुत्र्यालाच म्हणालो, "खंड्या. उजवा तीन घावांत. डावा पाच."

वैनी थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मागं एसटीवाला ओरडत होता.

"ऐकलं का रं खंड्या?" ती म्हणाली. "आता सांगतोय."

आणि ती मेंढरांच्या मागं चालू लागली.